न्हाणीचे धुणेघर : गोव्यातील म्हार्दोळच्या घरातील प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज न्हाणीचे माप घेतले. आतून १० फूट लांब, ८ फूट रुंद. पूर्वेला लहानशी खिडकी, पश्चिमेला परसात उघडणारे ठेंगणे दार, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर मंगळुरी कौले. कोपऱ्यात भाणाची, म्हणजे अंघोळीचे पाणी तापवायच्या हंड्याची, चूल आहे. गिझर आल्यापासून ती पेटलेली नाही. तांब्याचे भाण मात्र अजून तिथेच आहे आणि त्यात नारळाची सोडणे भरून ठेवली आहेत.

इथे धुणेघर करायचे. मनात हे गेल्या जुलैपासून आहे. त्या महिन्यात मुलीचा गणवेश तीन दिवस वाळला नाही. चौथ्या दिवशी इस्त्री फिरवून तसाच घातला. संध्याकाळी घरी आल्यावर ती म्हणाली, बाकावरची मैत्रीण थोडी सरकून बसली होती. पुढे सप्टेंबरात आईंच्या (माझ्या सासूबाईंच्या) रेशमी साडीवर बुरशीचे ठिपके निघाले. ती साडी त्यांच्या लग्नातली.

आईंना विचारले, तुम्ही पावसात कसे वाळवायच्या? त्या म्हणाल्या, "अगो, चुलीवर वलण (कपडे वाळत घालायची आडवी दांडी) होती ना! आणि न्हाणीत भाणाखाली दिवसभर निखारे असायचे. धुराचा वास यायचा, पण कपडा कोरडा असायचा."

रात्री वहीत हे लिहिताना लक्षात आले की गॅस आणि गिझर आले तेव्हा घरातल्या दोन्ही आगी विझल्या, आणि त्यांच्याबरोबर घरातल्या कोरड्या जागाही गेल्या. त्या जागी दुसरे काही आम्ही आणलेच नाही. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. तेव्हा इथले धुणेघर म्हणजे आधी वाळवणघर. धुण्याचे काम यंत्र करील, पण वाळवण्यासाठी ही खोलीच नीट बांधावी लागेल.

१९ जानेवारी, रविवार

आज वजनकाटा घेऊन बसले. सुके सुती कपडे, चादर आणि टॉवेल मिळून बरोबर ५ किलो. आमच्या जुन्या, वरून उघडणाऱ्या यंत्रातून पिळून निघाले तेव्हा काटा ८.६ किलोवर गेला. तेच कपडे संध्याकाळी नणंदेकडे नेऊन तिच्या पुढून उघडणाऱ्या यंत्रात मिनिटाला १२०० फेऱ्यांवर पिळले. वजन ७.७ किलो.

एका खेपेला जवळजवळ एक लिटर पाण्याचा फरक. ते लिटरभर पाणी यंत्राने मोरीत सोडले नाही तर ते घराच्या हवेत जाते, हवेतून भिंतीत आणि कपाटात. नवे यंत्र घ्यायचे ते १२०० फेऱ्यांच्या खालचे नाही, हे आज पक्के. उरलेले २.७ लिटर कुठे जायचे हा प्रश्न मात्र तसाच राहतो, आणि दर खेपेला राहतो.

२ फेब्रुवारी, रविवार

खडूने जमिनीवर आराखडा काढला. यंत्र ६० सेंटिमीटर रुंद आणि तेवढेच खोल. मागे नळ्यांसाठी निदान ८ सेंटिमीटर सोडले पाहिजेत, नाहीतर नळी दुमडते. शेजारी घड्या घालायचा ओटा, पलीकडे बेसिन, आणि उत्तरेची बाजू पूर्ण मोकळी, फक्त वाळवणासाठी.

उंचीवरून बराच वेळ गेला. आईंची उंची ४ फूट ११ इंच, गुडघे दुखतात, कमरेत वाकणे त्यांना जड जाते. यंत्र जमिनीवर ठेवले तर कपडे काढायला खाली बसावे लागेल. एक फुटाच्या चौथऱ्यावर ठेवले तर दार हाताशी येते, पण यंत्राचा माथा जमिनीपासून ११५ सेंटिमीटरवर जातो आणि त्यावर घड्या घालता येत नाहीत. छायाचित्रांत दिसतो तसा यंत्रावरून गेलेला एकसलग ओटा मला फार आवडला होता. तो सोडला. यंत्राला चौथरा, आणि घड्यांचा ओटा वेगळा, ८२ सेंटिमीटरवर. माझ्यासाठी तो दोन बोटे बुटका होईल, पण घड्या जास्त आईच घालतात.

चौथरा चिऱ्याचा भरीव बांधायचा. लाकडी किंवा पोकळ घडवंचीवर १२०० फेऱ्यांना यंत्र चालायला लागते.

मग धोंड्याची गोष्ट निघाली. परसातल्या विहिरीजवळचा धुण्याचा धोंडा काढून तिथे कुंड्या ठेवाव्यात असे नवऱ्याने सुचवले. आईंनी एकच वाक्य उच्चारले, "धोंडा काढायचा नाही." कॉलर, पायपुसणी, रांगोळीने भरलेली फडकी त्या अजून हातानेच धुतात, आणि हाताने घासल्याशिवाय ते डाग निघत नाहीत हे त्यांचे म्हणणे खरे आहे. मी विचारले, धोंडा आत आणला आणि उभ्याने धुता येईल असा उचलून बसवला तर? मग स्टुलावर पाट रचून त्यांना उभे केले आणि एकेक पाट काढत गेले. ७४ सेंटिमीटरला त्यांचे कोपर सैल पडले. धोंड्याचा वरचा काठ तिथे येईल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तोडफोड सुरू. भाणाची चूल काढली, भाण घासून बाजूला ठेवले.

पश्चिमेच्या भिंतीचे सिमेंटचे प्लास्टर हातोडीच्या दोन टोल्यांत फळीसारखे निघाले. मागे चिरा काळा आणि ओला, तोही फेब्रुवारीत, जेव्हा कित्येक आठवडे थेंब पडलेला नाही. चिरा सच्छिद्र असतो, जमिनीतले पाणी वर ओढतो आणि मोकळा असला तर हवेत सोडतोही. वर सिमेंटचा थर चढवला की ते पाणी आतच कोंडते आणि कधीतरी प्लास्टरला घेऊन खाली येते. हे प्लास्टर साधारण पंचवीस वर्षांपूर्वी "पक्के काम" म्हणून केले होते.

मेस्त्रींचा आग्रह आहे की आता छतापर्यंत टाइल्स लावून टाका. मला पटत नाही. टाइल म्हणजे पुन्हा कोंडणेच. धोंडा आणि बेसिन यांच्या मागच्या एका भिंतीला ४ फुटांपर्यंत टाइल, बाकी तिन्ही भिंती चुन्याच्या गिलाव्याच्या. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. मेस्त्री म्हणाले, "वेळ लागेल." लागू दे. भिंती महिनाभर उघड्या ठेवून वाळवायच्या आणि मगच गिलावा.

२ मार्च, रविवार

पाण्याचे काम. जमिनीला उतार ८० ला १, म्हणजे १० फुटांत जेमतेम ४ सेंटिमीटर. एवढा उतार पायाला कळत नाही, पाण्याला पुरतो. उताराच्या टोकाला न्हाणी ट्रॅप. प्लंबिंगच्या पुस्तकांत देशभर याला हेच नाव आहे, आपल्या न्हाणीवरून पडलेले. त्याच्या वाकणात ५० मिलिमीटर पाणी उभे राहते, ते गटाराचा वास आणि झुरळे अडवते. खोली महिनाभर वापरली नाही तर ते पाणी सुकते आणि वास येतो, तेव्हा अधूनमधून तांब्याभर पाणी ओतायचे.

प्लंबरने दाब वाढवणारा पंप सांगितला होता. टाकीचा तळ नळापासून ४ मीटर वर आहे. १० मीटर पाणी म्हणजे साधारण १ बार, तेव्हा आमच्याकडे ०.४ बार. जे यंत्र घेणार त्याच्या माहितीपत्रकात किमान ०.३ मागितले आहे. पंप नको. भरायला चार मिनिटे जास्त लागतील, एवढेच.

विहिरीचे पाणी मऊ आहे, साबण चांगला फेसाळतो. पण त्यात लोह आहे आणि पांढऱ्या कपड्यांवर हळूहळू तांबूस झाक चढते. म्हणून टाकीत पाणी आता वरून, भोके पाडलेल्या नळीतून शिंतोड्यांसारखे पडेल. हवेशी गाठ पडली की विरघळलेल्या लोहाचा बराचसा गाळ होऊन तळाशी बसतो. यंत्राची जोडणी टाकीच्या तळापासून १५ सेंटिमीटर वर घेतली, गाळ ओढला जाऊ नये म्हणून.

सांडपाणी परसातल्या शोषखड्ड्यात. तो विहिरीपासून १५ मीटरच्या बाहेर, उताराच्या बाजूला, केळींच्या पलीकडे.

११ मार्च, मंगळवार

वायरिंग झाले. यंत्राचा हीटर २००० वॉटचा, म्हणजे जवळपास ९ अँपिअर. त्याला मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटर तार आणि १६ अँपिअरचा सॉकेट. ओल्या खोलीत ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा आरसीसीबी हवाच. जुन्या घराचे अर्थिंग तपासले तर तार खड्ड्यापाशी गंजून तुटलेली! इतकी वर्षे आम्ही तशाच घरात गिझर वापरत होतो. नवा अर्थिंगचा खड्डा घेतला.

परवा होळी. मग शिमगा. माणसे गावी जातील, काम आठवडाभर बंद.

६ एप्रिल, रविवार

या प्रकल्पातली सगळ्यांत अवघड गाठ आज सुटली असे वाटते, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा पहिला बेत असा होता की कौलांखाली उंच वलणी बांधायच्या, खालून जाळीतून हवा घ्यायची आणि वरून एक्झॉस्ट पंख्याने बाहेर फेकायची. ऑक्टोबर ते मे हा बेत उत्तम आहे. पण जुलैत बाहेरची हवाच ९० टक्के दमट असते. ती कितीही आत खेळवली तरी कपड्यातले पाणी घेणार कशी? तेव्हा दार-खिडक्या बंद करून हवेतले पाणी काढणारे यंत्र, डिह्युमिडिफायर, लावावे लागेल. त्याच्या आतल्या थंड नळ्यांवर हवेतली वाफ पाणी होऊन ठिबकते आणि हवा किंचित गरम होऊन बाहेर येते. निखाऱ्यांचेच काम, धुराशिवाय.

पण कौलारू छप्पर म्हणजे हजार फटी. यंत्र इथली हवा कोरडी करील आणि वरून पावसाळा आत येत राहील. नवरा म्हणाला, जिप्समचे छत ठोकून टाकू. त्याने फटी बंद होतील, पण उजेड जाईल, आणि वाळवणाच्या खोलीत मला काचेच्या कौलांचा उजेड हवाच होता.

शेवटी असे ठरले. उत्तरेच्या बाजूला वर सहा काचेची कौले, त्यांच्या खाली १० मिलिमीटर जाडीच्या दुपदरी पॉलिकार्बोनेटचे छत, उरलेल्या भागात लाकडी फळ्यांचे. पॉलिकार्बोनेटमध्ये दोन फुटांची एक झडप, दोरीने उघडणारी. उन्हाळ्यात झडप उघडी, पंखा चालू, गरम हवा वर जाते. पावसात झडप, जाळीची झाकणे आणि दार बंद, मग डिह्युमिडिफायर. एकाच खोलीचे दोन ऋतू.

टंबल ड्रायर का नको, असे नणंदेने विचारले. तो घेतला असता तर हे सगळे बांधकाम वाचले असते, हे खरे. पण चादरी, साड्या, धोतर हे गोल फिरवत गरम हवेत वाळवणे मला नको होते, आणि आईंच्या साड्यांसाठी तर नकोच.

वलणी सहा, गुळगुळीत बांबूच्या, दोन वलणींत २५ सेंटिमीटर अंतर, कप्पीने खाली-वर होणाऱ्या. आईंनी छातीच्या उंचीवर कपडे घालायचे आणि दोरी ओढायची.

२२ एप्रिल, मंगळवार

माळ्यावर शिंपल्यांच्या तावदानांची जुनी खिडकी सापडली! दोन झडपांतली एक मोडकी, दुसरी सहा शिंपले सोडले तर धड. मोडकीतले शिंपले काढून धड झडप पुरी केली. सुताराने सागाच्या पट्ट्या नव्याने बसवल्या. ती पूर्वेच्या खिडकीला आतून लावली आहे, घड्यांच्या ओट्यासमोर. सकाळी आठच्या सुमारास तिच्यातून येणारा उजेड दुधासारखा असतो. त्यात सावल्या पडत नाहीत आणि पांढऱ्यावरचा पुसट डागही दिसतो. ओट्यावर दिवा कोणता लावायचा याचा मी आठवडाभर विचार करत होते. दिवसा आता दिव्याची गरजच नाही.

गिलावा सुकला. चुन्याच्या सफेदीत नीळ घातली, आई सांगतील तेवढी. आधी चिमूट, मग आणखी चिमूट. पांढऱ्या कपड्याला जी नीळ, तीच भिंतीला. तिसरा हात सुकल्यावर भिंत निळी दिसत नाही, नुसती स्वच्छ दिसते.

ओट्याला जुन्या स्वयंपाकघरातला कडप्पा उपयोगी आला. जमिनीला कोटा, पॉलिश न केलेला, ओल्या पायाला धरणारा. टोपल्यांसाठी शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेले होते. बांबूच्या तीन घेतल्या: पांढरे, रंगीत, आणि तिसरी डागांची. तिसरी टोपली ही आईंची अट.

कारण तिच्यावरच्या फळीवर त्यांचा दवाखाना आहे. सध्या काजूचे दिवस, आणि काजूच्या बोंडाचा रस कपड्यावर पडला की आधी कळत नाही, वाळला की तपकिरी होतो आणि जात नाही. आई सांगतात, लगेच गार पाण्यात बुडवायचा, साबणाची वडी अजिबात लावायची नाही, साबणाने तो डाग पक्का होतो. हळदीचा डाग साबण लावून उन्हात टाकायचा, आधी लाल होतो, मग ऊन त्याला खाते. रक्ताला गार पाणीच. लोखंडाच्या गंजाला बिंबल्याचा (आंबट फळाचा) रस, तो नसेल तर लिंबू-मीठ. गंजावर ब्लीच टाकायचे नाही, डाग आणखी बसतो. रेशमाला रिठे. हे सगळे मी कागदावर लिहून फळीच्या आतल्या बाजूला चिकटवले आहे.

११ मे, रविवार

यंत्र आले. मागचे वाहतुकीचे चार बोल्ट आठवणीने काढले. ते राहिले असते तर पहिल्याच पिळण्यात ड्रम धडकला असता.

पहिल्या धुण्याला मात्र गोंधळ झाला. यंत्र पाणी भरत होते आणि त्याच वेळी पाणी मोरीतून जात होते, थांबतच नव्हते. अर्धा तास आम्ही झडप बिघडली असे समजत होतो. चूक माझ्या आराखड्यातली होती. यंत्र चौथऱ्यावर चढवले, पण सांडपाण्याच्या उभ्या पाइपाचे तोंड जमिनीपासून ५० सेंटिमीटरवरच ठेवले होते. यंत्राचा तळच ३० वर, म्हणजे ड्रममधल्या पाण्याची पातळी आणि पाइपाचे तोंड जवळजवळ समोरासमोर आले आणि पाणी आपोआप ओढले जाऊ लागले. उंची यंत्राच्या तळापासून मोजायला हवी होती. तोंड तळापासून ७५ सेंटिमीटरवर नेले आणि नळीभोवती फट मोकळी ठेवली. आता ठीक आहे. कोणी चौथरा बांधत असेल तर हे लक्षात ठेवावे.

२५ मे, रविवार

पाऊस आला! जूनच्या पहिल्या आठवड्याचा हिशेब धरून आम्ही पंख्याभोवतीची बाहेरची झालर बसवायची बाकी ठेवली होती. मान्सून गोव्यात आजच दाखल झाला, आणि त्याआधीही आठवडाभर कोसळतच होता. पंख्याच्या चौकटीतून पाणी आत आले, निळीच्या भिंतीवर हातभर ओघळ. ताडपत्री बांधली. मेस्त्री उद्या येतो म्हणाले आहेत. चुना सुकेल तेव्हा ओघळ जाईल, नाही तर एक हात पुन्हा मारू.

६ जुलै, रविवार

ज्या दिवसासाठी हे सगळे केले तो हा दिवस. तीन दिवस सूर्य नाही. सकाळी ९ ला ५ किलोची खेप वलणींवर चढवली, झडप आणि झाकणे बंद केली, डिह्युमिडिफायर आणि छोटा पंखा लावला. आर्द्रता सुरुवातीला ८९ टक्के. दुपारी १२ ला ६४. ४ वाजता ५५.

साडेचारला कपडे काढले आणि वजन केले. ५ किलो १०० ग्रॅम. जाड टॉवेलांच्या काठांत थोडी ओल होती, बाकी सगळे कोरडे. यंत्राच्या डब्यात अडीच लिटर पाणी जमले होते. जानेवारीत ज्या २.७ लिटरचा घोर लागला होता, त्यातले बहुतेक डब्यात दिसत होते. मी तो डबा उचलून आईंना दाखवला. त्यांनी पाणी तुळशीत न ओतता केळीच्या बुंध्यात ओतायला सांगितले. वीज साधारण अडीच युनिट लागली.

मुलीने गणवेशाला नाक लावून पाहिले, काही न बोलता घडी घातली आणि दप्तराजवळ ठेवला.

ओल्या कपड्यांचा तो कुबट वास मोराक्सेला नावाच्या जिवाणूमुळे येतो. कपडा जितका वेळ ओला राहील तितका तो वाढतो. तेव्हा साबण बदलून उपयोग नसतो, वेळ कमी करावा लागतो. आधी तीन दिवस लागत होते, आता साडेसात तास.

एक सवय मात्र अजून लागायची आहे. धुणे झाल्यावर यंत्राच्या तोंडाचे रबर पुसून दार किलकिले ठेवायचे. गेल्या आठवड्यात दोनदा विसरलो आणि रबराच्या घडीत काळे ठिपके दिसले.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी चतुर्थी. अकरा माणसे येणार. गोधड्या, उशांचे अभ्रे, पाहुण्यांच्या चादरी मिळून पाच खेपा झाल्या, सगळ्या या खोलीत वाळल्या. बाहेरच्या खोलीत या वर्षी एकाही खुर्चीच्या पाठीवर कपडा नाही, माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची आरास) बांधायला जागा पूर्ण मोकळी.

बाकी राहिलेले: भाणाला कल्हई करून दाराशी कपड्यांच्या चिमट्यांसाठी ठेवायचे आहे. उत्तरेच्या दुसऱ्या वलणीची कप्पी कुरकुरते, तेल द्यायचे. पश्चिमेच्या भिंतीला खाली वीतभर ओल पुन्हा वर आली आहे, पण चुना फुगलेला नाही, ऑक्टोबरात पाहू. धोंड्याच्या डाव्या हाताला साबणासाठी खाच हवी होती, ती आईंनी मेस्त्रींना परस्पर सांगून काल पाडून घेतली.

दुपारी त्या धोंड्यापाशी उभ्या राहून देवघरातले तांबडे वस्त्र धूत होत्या. मी म्हटले, आई, मी धुते, तुम्ही बसा. त्या म्हणाल्या, "बसून काय करू? आता वाकायला लागत नाही." आणि वरची वलण खाली ओढायला मला सांगितले.